सुकती

वॉर्ड चार, खाट नऊ.
शरीफा होडेकर, वय एकाहत्तर, गाव पूर्णगड.
उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली.
खिडकी पार्किंगकडे उघडते,
तीही डासांमुळे बंद.

सोमवारी सव्वाबाराला
तिचा डावा हात चादरीवर हलू लागला.
बोटं आत वळत, काहीतरी उकरत,
मूठ मिटे,
कुशीपाशी येऊन रिकामी होई.
दीडेक तास. मग स्वस्थ.

मी फाइलीत लिहिलं: हाताला झटके.
मंगळवारी एक वाजून पाच.
बुधवारी दोनला पाच कमी.
डॉक्टरांनी गोळी बदलली,
गुरुवारी हात पुन्हा पन्नास मिनिटं उशिरा निघाला,
कुणाची परवानगी न घेता.

फरशी पुसणाऱ्या दाजी नाटेकरनं
तिच्याकडे पाहिलंच नाही,
माझे आकडे वाचले फक्त.
"झटके नायत ते, सिस्टर.
सुकती लागते तेवा चाची तिसऱ्या काढते."

मी औशाची.
तीन वर्षांत समुद्र दोनदा पाहिला,
त्यात एकदा फोटोसाठी.
पण माघातल्या रात्रपाळीत,
सलाइन बदलता बदलता,
मला हरभऱ्याच्या आंबेचा वास येतो,
ओठ आंबट होतात.
हे कुणाला सांगितलेलं नाही.
कुठल्या रकान्यात लिहिणार?

रविवारी पौर्णिमा.
ड्यूटी दोनला संपली, मी थांबले.
सव्वापाचला हात निघाला तो खांद्यापासून,
उधाणाचं पाणी लांब गेलेलं,
तिला खडपापर्यंत जायचं होतं.

दाजीनं आणलेला डबा मी किडनी ट्रेत ओतला,
खाऱ्या पाण्यासकट.
एक तिसरी उघडली,
जीभ काढून पचकन पाणी उडवलं,
थेट माझ्या गणवेशावर.
हात थांबला.
मग सावकाश, एकेक चाचपून,
तिनं बारक्या बाजूला सारल्या
आणि माझ्याकडे पाहत राहिली,
मी काहीतरी विसरत असल्यासारखी.

"बारक्या परत टाकायच्या असतात," दाजी म्हणाला.

सात होत्या.
रिक्षा करून भाट्याच्या पुलाशी उतरले,
चपला हातात, चिखल पोटरीपर्यंत.
पाणी परतत होतं,
आधी आवाज, मग घोट्यांना गार.
सोडल्या.
सातव्या वेळी मूठ लवकर उघडेना.

वॉर्डात शिरताना हात धुवायचे राहिले.
म्हणजे, धुतले नाहीत.