दात कोरून

दात कोरून पोट भरत नाही, म्हणतात.
माझं भरतं.
एकतीस वर्षं झाली, ठाकुरद्वारच्या मागच्या गल्लीत,
जिन्याखालच्या दहा बाय सातच्या खोलीत
मी मेणात दाढा कोरतो,
गुलाबी हिरड्या घासून गुळगुळीत करतो,
आणि संध्याकाळी नाक शिंकरलं
की रुमालावर पांढरी पूड येते.

डॉक्टर सबनिसांचा पोऱ्या सकाळी मापं आणून टाकतो,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली.
मी प्लास्टर ओततो. तासाभरात
कुणाचं तरी तोंड माझ्या हातात येतं.

फळीवर ओळीने जबडे आहेत.
नावं नाहीत, पेन्सिलने घातलेले नंबर.
एकशे चौदा: मशेरीवाली.
तिचं बोट कुठवर पोचायचं आणि कुठे थकायचं
तेसुद्धा दिसतं.
दोनशे सात: डाव्या गालात तंबाखू धरून
बँकेत दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या.
तीनशे नव्वद रात्री झोपेत दात खायचा,
दिवसा म्हणे कुणाला उणा शब्द बोलला नाही.
चारशे बावीस फक्त सव्वीस वर्षांचा.
रात्रपाळी, कानाला फोन,
आणि दर दहा मिनिटांनी थंड बाटलीतला एक घोट.

गेल्या मंगळवारी चुरीबाई आल्या.
कवळीसाठी नाही.
म्हणाल्या, ‘ह्यांचं माप आहे का अजून तुमच्याकडे?’
दोनशे एकसष्ट. होतं. धूळ फुंकून दिलं.
‘एका फोटोत हसलेले नाहीत हो,
लग्नाच्यासुद्धा. ओठ मिटून उभे.
तुम्ही कवळी दिलीत तेव्हा पहिल्यांदा हसले.
मग चारच महिने.’
त्यांनी प्लास्टरवरून बोट फिरवलं, हळू,
आणि उजवीकडे, मागे, एका खड्ड्यापाशी थांबल्या.
‘सुरुवात इथून झाली.
सहा महिने लवंग दाबून काढले.
डॉक्टरकडे चला, चला,
दातांच्या कण्या केल्या मी.
म्हणायचे, आधी भाड्याचं बघू.’
आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्यांना हसू आलं.
त्यांचे दात चांगले होते. सगळे.

मी तो जबडा कालच्या पेपरात बांधून दिला.
पैसे कसले घ्यायचे?

उपदेश करणं माझं काम नाही.
त्या कामाला शिकलेली माणसं आहेत, पाटी लावून बसलेली.
मला एवढंच ठाऊक, की तोंड कधी पुढून पडत नाही.
चाळीची जशी मागची मोरी,
जिथे कुणी पाहुणा जात नाही, कुणी झाडू नेत नाही,
तशी शेवटच्या दाढेची मागची भिंत.
पडझड तिथून सुरू होते.
म्हणून मी रात्री नळ बंद करून, घाई न करता,
ब्रश आधी मागे नेतो.
पुढच्या दातांचं काय, ते आरशाच्या धाकाने
स्वच्छ राहतातच.

काल नात बेसिनपाशी फेस थुंकून पळत होती.
धरली. म्हटलं, आ कर.
खालच्या ओळीत, सगळ्यांच्या मागे, हिरडी फोडून
एक नवी दाढ वर आलेली,
कंगोरे अजून धारदार,
धड एक चणासुद्धा न फोडलेली.
तिच्याच खाचेत दुपारचं चॉकलेट.
सून भाजी चिरता चिरता म्हणाली,
‘राहू द्या हो बाबा, दुधाचेच आहेत, पडणारच.’

बाकीचे पडतील. ही नाही.
सहाव्या वर्षी ही गुपचूप येते,
कुठल्याही दुधाच्या दाताला न ढकलता,
म्हणून कुणाला कळत नाही.
हिला हिच्यानंतर कुणी नाही.
ही गेली, तर हिची जागा भरायला
एकच माणूस, जिन्याखाली, नंबर घालून.

ब्रश पुन्हा ओला केला. तिच्या हातात दिला.
माझा हात तिच्या हातावर.
मागे, म्हटलं. अजून मागे.
हां, तिथे.