ड्रेपरी

फोंड्याला, वरच्या बाजारात, चणेवाल्याच्या माडीवर
आमचं दुकान. चतुर्थी सरली की फोन सुरू.
सावईवेऱ्याहून, शिरोड्याहून, पार काणकोणातून:
जत्रेचं नाटक आहे. दोन सरदार, एक पातशहा,
बारा मावळे, वहाणा आमच्या आम्ही बघू,
आणि हो, राणी मोकळी आहे का?

राणी एकच.
निळ्या मखमलीचं चिलखत, वर पत्र्याच्या टिकल्या,
पाठीला सोळा हूक.
बाबांनी ते बेतलं मडगावच्या एका नटीच्या मापावर.
तेव्हा गावातल्या बाया उभ्या राहत नसत,
बाहेरून आणायच्या, नाइट ठरवून,
आणि पहाटेच्या पहिल्या बसला बसवून द्यायच्या.

मग उभ्या राहू लागल्या.
बेतोड्याच्या अंगणवाडीतली कुंदा: कमरेला दोन बोटं सोडलं.
सांग्याला खाणीवर ट्रक चालवायची ती शेवंती वेळीप:
खांदे उसवले, पुन्हा कधी आत घेतले नाहीत.
पंचायतीतल्या रत्नप्रभेनं सहावा महिना लपवून
तलवार चालवली. तिच्यासाठी बाजूला पट्टी जोडली,
निळ्यात निळी, तरी उजेडात दिसतेच.
काढणार होते. पुढच्या दोघींना ती लागली.

शिरोड्याच्या एस्पेरांसानं
आपलं सगळ्यात लांब वाक्य बाहीच्या आत लिहून ठेवलंय,
मराठी, पण रोमीत.
तीन धुण्यांत शाई गेली नाही. मीही जोर केला नाही.
प्रत्येक राणी आता हात वर करते
तेव्हा ते वाक्य तिच्या नाडीवर असतं.

अस्तराला पावडर, झेंडूबाम, अबोली, घाम.
खिसा नाही. राणीला खिसा कशाला, बाबा म्हणायचे.
मी एक शिवला आत. त्यात कदंबचं तिकीट सापडतं,
खोकल्याची गोळी, एकदा काढून ठेवलेलं मंगळसूत्र.
ते न्यायला पाच दिवस कुणी आलं नाही.

लिहिणारा कुणीही असो,
तिसऱ्या अंकात ती पडते.
डाव्या बरगडीखाली, नेहमी तिथंच, लाल फडकं.
तेवढीच मखमल विरलीय.
दर वैशाखात मी तिथं रफू घालते,
आणि कार्तिकात ते पुन्हा भोसकतात.

खुंटीवर महिषासुरमर्दिनीचे सहा हात,
प्लायवूडचे. दोन नेसणारीनं स्वतःचे आणायचे.
एकाचा अंगठा उंदरानं नेला.

शांतादुर्गेचा पोशाख मात्र कुणी मागत नाही.
आमच्या इथली देवी. दोन देव एकमेकांवर धावले
तेव्हा मध्ये जाऊन उभी राहिली,
दोघांना दोन हातांत धरून, सापासारखं.
त्यात युद्ध नाही, म्हणतात. प्रवेश लवकर संपतो.

बाबा गेले त्या वर्षी
दोघे काका ह्याच कटिंगच्या टेबलाशी भिडले,
एकाकडे मोठी कातर, एकाकडे लोखंडी गज.
दुकान कुणाचं.
आई गाऊनवर होती, गळ्यात टेप.
ती ओरडली नाही. मध्ये आली,
एका हातात कातरीचं पातं, दुसऱ्यात गज,
आणि धरून राहिली.
किती वेळ, ठाऊक नाही. खाली चणे भाजल्याचा वास येत होता.
मग तिनं कातर टेबलावर ठेवली, गज दाराला लावला,
तळहाताला चिंधी गुंडाळून
पातशहाचा अर्धा राहिलेला झगा पुरा केला,
कारण माणूस सातला न्यायला येणार होता.

तिचं माप माझ्या वहीत नाही.
कधी घेतलंच नाही कुणी.

फोन वाजतोय. प्रियोळहून असावा.
राणी? शनिवारी नाही हो, कुंडईला गेलीय.
रविवारी बघा.
धुऊन,
वाळली तर.