फेरीबोटीत चालणारी

नवस सासूचा, पाय माझे.
मरताना ती एवढंच म्हणाली,
ते कुणकेश्वराचं राहिलंय गो, तेवढं फेडून टाक.
जसं वाण्याच्या वहीतलं.

नवस असा: बोट परत आली तर
गुहागरातनं चालत येईन, वाहनात बूड टेकणार नाही.
बोट आली. तिसऱ्या दिवशी, इंजिन बंद, जाळी गेलेली,
आत माझा नवरा, ओठ मिठाने फुटलेले.
दोन वर्षांनी तो मालप्याला गेला खलाशी म्हणून
आणि तिथेच राहिला, तिथल्या एकीच्या घरी.
यात देवाची चूक नाही.
त्याला परत आणायला सांगितलं होतं,
ठेवून घ्यायचं कुणी बोललंच नव्हतं.

शाळेतल्या खिचडीचं मानधन तीन महिने थकलेलं.
रुमालाच्या गाठीत पाचशे साठ रुपये.
पिशवीत कुळथाचं पीठ, एक टोप, एक लुगडं,
आणि सासूचा चष्मा. तो का घेतला, ठाऊक नाही.

तवसाळला पहिला पेच. खाडी.
फेरीबोटीचे वीस दिले आणि मग सुचलं,
बसले तर नवस मोडला,
उभी राहिले तरी वाहनच ते.
म्हणून चालत राहिले. गाड्यांच्या मधून,
या टोकाकडून त्या टोकाकडे, जयगड लागेपर्यंत.
टेम्पोवाल्याने काच खाली केली:
मावशी, काय हरवलंय?
म्हटलं, हो.
तोही उतरला, वाकून टायरांखाली बघत राहिला बिचारा.

गणपतीपुळ्याला खोल्यांच्या दरांचा फलक
उभ्याने वाचून काढला, पोट भरल्यासारखा, आणि पुढे निघाले.
झोप देवळांच्या पडव्यांत.
एक रात्र एसटीच्या शेडमध्ये, एका कुत्रीच्या पाठीला पाठ लावून.
पूर्णगडला चपलेचा अंगठा तुटला. पंधरा रुपये.
चांभार म्हणाला, आणखी चार दिवस टिकेल.
पाच टिकला.

आडिवऱ्याच्या पुढे कलमांच्या बागेत
नेपाळी राखणदार, थापा नावाचा, वानरांवर ओरडत होता.
त्याच्या चुलीवर मी पिठी केली, त्याने भात घातला.
कुणासाठी चालतेस, त्याने विचारलं.
सांगितलं सगळं, मालप्यासकट.
तो बराच वेळ हसला.
मग टोप घासून दिला.

मुसाकाजीला होडी. लहान.
तिच्यात चालायचं कुठे?
उभी राहिले आणि जागच्या जागी पाय उचलू लागले,
डावा, उजवा, होडी हेलकावे खाऊ लागली.
शमशुद्दीन सोलकर, वय सत्तरच्या वर, ओरडला:
बाई, बुडवशील! बस खाली!
कारण ऐकल्यावर तो थोडा थांबला,
आणि एक वल्हं माझ्याकडे सरकवलं.
हे घे. हातांनी चाल.
विजयदुर्ग येईतो तळव्यांना फोड.
पैसे पुढे केले तर म्हणाला,
वल्हवणाऱ्याकडनं भाडं घेत नाय कोण.

पोचले तेव्हा अमावस्या उलटून दोन दिवस झालेले.
जत्रा उठलेली. वाळूत कागदी बशा,
पाळण्याचे लोखंडी हात ट्रकात चढत होते.
आत गुरव एकटा फरशी पुसत होता.
सासूचं नाव सांगितलं, नारळ ठेवला,
चष्मा पिशवीतच राहू दिला.
आणखी काही मागायचं होतं का, आठवून पाहिलं.
पाय दुखत होते, तेवढंच आठवलं.

बाहेर खाजेवाली दुकान आवरत होती.
खयसून इलंस गो बाय?
गुहागर म्हटल्यावर तिने माझ्या पायांकडे पाहिलं
आणि फुटलेल्या खाज्याचा पुडा अर्ध्या भावात दिला. वीस रुपये.

गाठीत उरले एकवीस.
एसटीला पुरत नाहीत, म्हणजे जातानाही चालतच.
पण हा रस्ता कुणाच्या नवसातला नाही.
एक रुपया सुटा राहील. वीस फेरीबोटीचे.

जयगडला चढेन,
आणि रेलिंगजवळ तो हिरवा बाक आहे ना,
त्यावर ऐसपैस बसेन,
खाजं खात.