अंक सत्तेचाळीस

रविवारी चूळ भरली की मी थेट
जुन्या जालन्यात, मोईजभाईच्या गोदामात.
एकीकडं भट्टीला निघालेल्या सळ्या, गिअर, चेपलेले पिंप,
दुसरीकडं रद्दी, बारा रुपये किलो.
माझा माल तो तागडीत टाकत नाही.
हातावर तोलतो, माझ्या तोंडाकडं बघतो
आणि भाव सांगतो.
तीस वर्षांत मला चेहरा लपवता आला नाही.

बाकीचे सहा दिवस मी बियाण्याच्या कंपनीत.
ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे,
सातव्या दिवशी मोजायचे किती उगवले.
बोटांना सवयच लागलीय
ढिगातलं जिवंत ओळखायची.
गाईडं, पंचांगं, लग्नपत्रिका, विम्याच्या पावत्या,
मधेच एक पिवळी कड,
कडेला तांबडा ठिपका,
आणि छातीत एस्टी घाटाचा गिअर टाकते.

आधी वास घ्यायचा.
शाई, वाळवी, कुणाच्या तरी ट्रंकेतली डांबरगोळी.
मग पिना बघायच्या. गंजलेल्या असल्या तर उत्तम,
म्हणजे मधलं पान कुणी उपसलेलं नाही.
(आणि रबर लावून ठेवू नका कधी.
आमच्याकडच्या मे महिन्यात रबर वितळतं,
नायकाच्या गालावर जन्माचा व्रण.)

डिटेक्टिव्ह गारगोटे. किंमत पंचाहत्तर पैसे.
उंच टोपी, तपकिरीची डबी,
बिनब्रेकची सायकल.
सेलूला बसस्टँडमागं गुंडप्पा बोधनकर
सुतळीवर अंक वाळत घालायचा,
तासाला दहा पैसे, तिथंच उकिडवं बसून वाचायचं.
सत्तेचाळिसाव्यात गारगोटे विहिरीत उतरले,
वरून कुणीतरी दोर कापायला लागलं,
आणि गुंडप्पा म्हणाला, "झाला तास."
दुसऱ्या दिवशी सुतळीवर नुसता चिमटा.
मी तेव्हा नऊ वर्षांचा. यंदा पंचावन्न संपली.
एवढे दिवस तो माणूस पाण्यात.

पोळ्याच्या आदल्या रविवारी
मोईजभाईचा नातू एका गठ्ठ्यावर बसून केळ खात होता.
"ऊठ रे राजा जरा."
त्याच्या बुडाखाली होता. सत्तेचाळीस.
मुखपृष्ठावर निळ्या शाईत:
कु. विमल गणपत ढगे, पाचवी ब.
हे पुस्तक चोरील त्याचे हात झडतील.
मी हात बघून घेतले.
मोईजभाई म्हणाला, "आज चेहरा मत दिखाओ साब,
मेरेकू ज्यादा मांगने की शरम आएगी."

शेवटच्या पानाला खिडकी.
मागच्या बाजूला दंतमंजनाचं कूपन होतं,
कापून पाठवा, शिट्टी मिळवा.
कूपनासोबत शेवटची चौकट गेलेली.
पण त्या भोकाला मागून, भाताच्या शितानं,
चौरेघी वहीचा तुकडा डकवला होता.
पेन्सिलीनं विहीर. गुडघाभर पाण्यात गारगोटे, टोपी तरंगतेय.
काठावर दोन वेण्यांची मुलगी
आईचं लुगडं खाली सोडतेय,
गळ्यात शिट्टी.
फुग्यात लिहिलंय, "आहो, धरा की!"

तरीही राहवलं नाही. पूर्ण्याला गेलो,
निवृत्त गार्ड येमूल यांच्याकडं अखंड प्रत होती.
त्यांनी हात धुतले, पुसले, प्लास्टिक सोडलं.
शेवटची चौकट सगळी काळी.
कोपऱ्यात बारीक अक्षर: पुढे काय? वाचा अंक अठ्ठेचाळीस.
"तो निघालाच नाही," येमूल म्हणाले, "छापखाना बसला."

मग मी पिशवीतून माझा काढला.
ते बराच वेळ बघत राहिले. चष्मा पुसून पुन्हा.
"किती घ्याल?" एवढंच, अगदी सहज विचारल्यासारखं.
त्यांनाही चेहरा लपवता येत नव्हता.

परतताना मांडीवर पिशवी.
मानवत रोडला चहावाला खिडकीशी आला,
नको म्हणालो. हात ओले झाले असते.