नकाशावरची रिकामी जागा

लोलयेच्या सड्यावर माती बोटभर,
तिच्याखाली जांभा, आणि जांभ्याखाली पुन्हा जांभा.
पहार आपटली की ठिणगी उडते,
झिणझिण्या खांद्यापर्यंत येतात.
इथे एफिजेनियाबाईंना गुलाब हवे होते.

नैरोबीत चाळीस वर्षं होते त्यांच्या दारी,
पिवळे, कडेला गुलाबी,
आणि हिरवळ अशी सपाट
की चहाची बशी ठेवली तरी डगमगत नसे.
एका जुन्या फोटोच्या पाठीवर
त्यांनी मला तिची मापं लिहून दिली.

पहिल्या वर्षी मी ऐकलं. पोटासाठी ऐकलं.
हिरवळीच्या गुंडाळ्या आल्या बेळगावहून,
लग्नाच्या सतरंज्यांसारख्या.
एप्रिलमध्ये टँकरवाल्याच्याच मुलीचं लग्न निघालं,
आणि आठ दिवसांत हिरवळीचं
काथ्याचं पायपुसणं झालं.
गुलाबांची पानं खारं वारं आधीच खाऊन गेलं होतं,
कडेकडेनं, उंदीर पोळी खातो तसं.

मग दोन दुपारी नुसती बसून राहिले, वही मिटून.
वारा कुठून येतो, कुणाला वाकवतो,
आणि कोण त्याच्याकडे पाठ करून
खुशाल फुलतं, ते बघत.

नवा नकाशा असा:
पश्चिमेला पाच उंडी, पण ओळीत नाहीत,
बाजारातून परतताना बायका
बोलायला थांबतात, तशा.
त्यांच्या पायाशी करवंदीची जाळी,
गावच्या गुरांशी बोलणी करायला.
आत, वारा पडतो तिथे, कुडा.
खिडकीखाली पिटकुळी, लाल.
सुरंगीचं एक रोप;
ते एफिजेनियाबाईंनी फुललेलं बघावं
ही आशा मी हिशेबात धरली नाही.
आणि मधोमध, जांभा उघडा नि खोलगट होता तिथे,
पेन्सिलीनं लिहिलं:
इथे काही लावायचं नाही.

"रिकाम्या जागेचेही पैसे?" बाईंनी चष्म्यावरून विचारलं.
हो म्हटलं. मान खाली घालून.

सोयरू वेळीप मात्र पोट धरून हसला.
तीस वर्षं कोयता घेऊन तो हेच साफ करत आला,
काजूसाठी, रस्त्यासाठी, लोकांच्या कुंपणांसाठी.
"पयशे दिवन रान कोण लायता, बाये?"
त्याच्या दारात क्रोटन आहेत,
रंगवलेल्या तेलाच्या डब्यांत,
रोज भांडी धुतलेलं पाणी पिणारे.
मी त्यांना नावं ठेवली नाहीत.
रोज कुणीतरी आठवणीनं पाणी घालतं
ते काहीही देखणंच दिसतं.

दुसरं वर्ष काड्या मोजण्यात गेलं.

तिसऱ्या एप्रिलात, टँकर न बोलावता,
पिटकुळी खिडकीवर अशी चढली
की बाईंनी पडदाच काढून टाकला.
कुडा पांढरा झाला.
श्रावणात त्या रिकाम्या जागेत दीड इंच पाणी,
आणि कुणी न पेरता
सीतेची आसवं, निळीजांभळी,
करंगळीएवढी, शेकड्यांनी.
बाई दुखरे गुडघे धरून ओणवल्या.
नैरोबीचं नाव काढलं नाही.
एवढंच म्हणाल्या, "आता पाय कुठे ठेवू?"

परवा शेजारच्या सड्यावर जेसीबी लागला.
संध्याकाळी सोयरू आला,
स्कूटरवर पायाशी ओलं गोणपाट.
बाळाचं दुपटं सोडावं तसं सोडलं.
आत कुड्याची सात रोपं, मुळांशी लाल माती तशीच,
आणि एक वीतभर काहीतरी,
ज्याचं नाव मला येत नव्हतं, त्यालाही नाही.
"हांचे कितले दितात?"

मी भाव सांगितला. त्यानं तो वाढवून घेतला.
बिननावाचं मात्र विकायचं नाही म्हणाला,
पुन्हा गोणपाटात गुंडाळलं
आणि दोन्ही पावलांमध्ये धरून निघाला.

डब्यातल्या क्रोटनांशेजारी ते कसं दिसेल,
घरी पोचेपर्यंत मी तेच मांडून बघत होते.