सत्तेचाळीसनंतर

रिवणच्या वर, आमच्या घरामागच्या रानात
बापूस झाडांवर आकडे घालायचा.
कंत्राटदाराचा पिवळा रंग,
काथ्या ठेचून केलेला कुंचला.
डबा माझ्याकडे.
मी अंक शिकलो ते असे:
अठरा म्हणजे नाणा, एकवीस जांबा,
सत्तेचाळीस ती किंदळ, जिच्या ढोलीत
झिलूमामा हुराकाची बाटली लपवायचा.

शाळेत बाईंनी विचारलं, सत्तेचाळीसनंतर काय?
म्हटलं, नंतर व्हाळ.
वर्ग हसला.

शिगम्यानंतर ट्रक आले.
पंधरा दिवसांत ऊन
थेट आईच्या चुलीपर्यंत पोचलं.
बापूस काही बोलला नाही.
उरलेल्या रंगानं त्यानं
आमचं दार रंगवलं,
दोन हात देऊन.

अजून नोटा मोजताना
माझं बोट सत्तेचाळीसवर अडतं.
मागचा गिऱ्हाईक खाकरतो.
मी पाणी ऐकत असतो.