बाजूचा दिवा

पोर्ट ऑगस्टात, रुळांच्या पलीकडे माझं पत्र्याचं दुकान.
बॅटऱ्या, तारा, फ्यूज, दिवे.
उत्तरेला निघालेला इथे थांबतोच,
पुढे विचारायला कोणी नाही म्हणून.

सगळ्यात मोठं काय आहे ते दे, म्हणतात.
मी म्हणतो, आधी खर्च सांगा.
फ्रिज दिवसाला किती पितो,
पंखा आहे का,
हौसेनं कोणी कॉफीचं यंत्र घेतलंय का बरोबर.
पावतीच्या पाठीवर बेरीज मांडतो.
अंथरूण शंभर ॲम्पिअर-तासांचं;
पाय किती पसरायचे ते तुम्ही बघा.

आणि टपावरचा तो लांब दिवा?
नको.
रात्री गाडी हाकूच नका.
कांगारू उजेडात उडी घेतो
आणि तुमचा रेडिएटर माझ्या दारात येतो.
एकवीस वर्षं हेच वाक्य,
हसायची जागासुद्धा तीच.

मे महिन्यात मूंट्याहून दोघी आल्या,
पेंगेली बहिणी, डल्सी आणि एव्हिस,
पांढरी लँडक्रूझर, दार दोरीनं बांधलेलं.
डल्सीकडे वही. सगळं लिहून आणलेलं:
फ्रिज, त्यात एव्हिसचं इन्सुलिन,
ते तापता कामा नये, बाकी लोणी वितळलं तर वितळलं.
मला अशी गिऱ्हाइकं आवडतात.
लिथियम बोनेटखाली नको, तिथली धग त्याला सोसत नाही,
मागच्या सीटमागे बसवू.
चालत्या गाडीतून भरायला चार्जर,
मुक्कामी पसरायला सोलरची घडी,
आणि फ्यूज बॅटरीला खेटून,
कारण तार पेटली तर तिथे बंब येत नाही.
डल्सी एकेका ओळीवर बरोबरची खूण करत गेली.

तेवढ्यात एव्हिस शेल्फ चाचपत म्हणाली,
तो लांब दिवा. तो हवा.
मी वाक्य सुरू केलं. कांगारूपर्यंत आलो.
डल्सीनं वही मिटली.

गाडी नाही चालवायची, एव्हिस म्हणाली.
संध्याकाळ झाली की माझं जग संपतं.
डोळ्याचा पडदा गेलाय, डॉक्टर म्हणतात
पुढच्या वर्षी दुपारही जाईल.
सगळे मला सांगतात तिथल्या चांदण्यांबद्दल.
त्या मला कधीच दिसायच्या नाहीत, स्टॅव्ह,
कितीही काळोख केलास तरी.
मला झाड बघायचंय. रात्रीचं. एक.

दुकानात कॉम्प्रेसर तेवढा धापा टाकत होता.
मी पेन्सिल शोधली, ती कानावरच होती.
दिवा दहा ॲम्पिअर. रोज दोन तास धरू.
वीस.
फ्रिजचे पस्तीस.
पंचावन्न, म्हणजे ढगाळ दिवसालाही थोडं उरतं.
बसतंय, मी म्हणालो,
पण माझा आवाज जरा फाटला.

पुढे लावतात तो दिवा मी बाजूला लावला,
डावीकडे, टपाच्या कडेला,
खालीवर करायला पोलादी चाप,
बटण एव्हिसच्या हाताशी, मोठं,
त्यावर टेपचा खडबडीत तुकडा
बोटाला कळावा म्हणून.
ड्रिल चालू असताना शेजारचा गॅरेजवाला डोकावला:
रस्ता सोडून कुठे बघतोय रे हा?
मी म्हटलं, पाना दे.

ऑगस्टात परतल्या.
दार अजून दोरीवरच.
दिव्याच्या काचेवर पतंगांचा थर,
पंख, पाय, पिवळट चूर्ण,
इतका की काच दिसेना.
बॅटरी एकदाच बसली, डल्सी म्हणाली, कूपर क्रीकपाशी,
हिनं चार तास विझवू दिला नाही.
आणि इन्सुलिन?
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी पुढचं विचारलं नाही.

एव्हिसनं साल सांगितली मला, कूलिबाची.
खाली काळी, भेगाळ, पावासारखी फुगलेली,
वर फांद्या एकदम गुळगुळीत,
जणू झाडानं अर्धाच कोट घातलाय.
बोलताना बोटं हवेत चालत होती तिची.
मी इथेच जन्मलो. हजार कूलिबा बघितलेत.
कोट कुठे संपतो, ठाऊक नव्हतं.

काच पुसायला मी फडकं घेतलं.
राहू दे, ती म्हणाली,
आधी सांग, त्यातला एखादा हिरवा आहे का?